भावाच्या तारणाचा प्रश्न आणि आईंचं ते वाक्य

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "माझा धाकटा भाऊ आठ महिन्यांपूर्वी गेला. त्याने स्वतःचा जीव घेतला. वय २७. नैराश्यावर त्याच्या गोळ्या चालू होत्या. एका प्रार्थनासभेत त्याला कुणी सांगितलं की खरा विश्वास असेल तर गोळ्या कशाला लागतात, आणि त्याने त्या सोडल्या. आम्ही नगर जिल्ह्यातले, वडिलांकडून प्रॉटेस्टंट. आईचं माहेर वसईचं, कॅथलिक. घरी सांत्वनाची प्रार्थना झाली तेव्हा चर्चच्या मंडळीतले एक ज्येष्ठ सभासद आईसमोरच म्हणाले की देवाच्या मंदिराचा, म्हणजे देहाचा, नाश करणाऱ्याला तारण (मरणानंतरची मुक्ती) नाही, येशूला धरून देऊन मग जीव देणाऱ्या यहूदाचं काय झालं ते आठवा. तेव्हापासून आई प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) घेत नाही. नीट जेवत नाही, पहाटे तीनला उठून बसते. परवा तिने आपले दागिने मला दिले आणि म्हणाली, 'तो नरकात असेल तर एकटा कशाला? जिथे तो, तिथे मी.' माझा भाऊ खरंच हरवला का? आईला मी काय सांगू? आणि वर्ष भरेल तेव्हा चर्चमध्ये त्याची स्मरण-उपासना मागायची का, की मागायचं धाडसच करू नये?"

प्रिय भगिनी, सलाम.

तुमच्या प्रश्नांकडे येतो, पण त्याआधी आईंच्या त्या वाक्याकडे. मुलगा गमावलेल्या आईच्या तोंडून असं येऊ शकतं, आणि पुष्कळदा तो नुसता आकांत असतो. मात्र जेवण तुटलेलं, पहाटेची झोप गेलेली आणि त्यात दागिने सोपवून टाकलेले, हे सगळं एकत्र आलं की 'दुःखात बोलली असेल' म्हणून सोडून देऊ नका. आजच त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा: "आई, तुला जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती पुष्कळांना असते. तसं होत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं, किंवा त्यांनी नुसती मान फिरवली, तर त्यांना एकटं ठेवू नका. भावाच्या उरलेल्या गोळ्या, शेतातली औषधं, जिवाला धोका होईल असं जे काही घरात असेल ते शेजाऱ्या-नातेवाइकांच्या ताब्यात द्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, त्यांना दाखवा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. तो रात्रंदिवस चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. त्यांना तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता, आणि करावा. धोका अगदी समोर दिसला तर १०८ किंवा ११२. पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून घरं हे लपवतात. जुन्या दंड संहितेतलं, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं ३०९ कलम मानसिक आरोग्य कायद्याने आधीच बोथट केलं होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते तसं राहिलेलंच नाही. मदत मागताना त्याची धास्ती बाळगू नका.

हे मी शास्त्र, म्हणजे बायबल, बाजूला ठेवून सांगत नाही. त्यातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा १६ वा अध्याय उघडा. फिलिप्पै शहराचा तुरुंग, मध्यरात्र, भूकंप होऊन दारं उघडलेली. कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा अधिकारी तलवार उपसतो, कारण कैदी सुटले तर त्यांच्या जागी त्याचाच जीव जाणार. अंधारातून, कैदेत असलेला प्रेषित पौल मोठ्याने ओरडतो: स्वतःला काही अपाय करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. मग तो माणूस दिवा मागवतो, थरथरत आत येतो आणि विचारतो, माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू? त्यावर पौल आणि त्याचा साथीदार सीला जे सांगतात ते वचन आपल्याकडे कॅलेंडरांवर असतं, कितीतरी घरांच्या दर्शनी भिंतीवर असतं: प्रभू येशूवर विश्वास ठेव म्हणजे तुझं आणि तुझ्या घराण्याचं तारण होईल. भिंतीवर आपण एकतिसावं वचन लावतो, अठ्ठाविसावं विसरतो. पौलाने त्याला आधी पापाबद्दल विचारलं नाही, तो कुणाचा उपासक आहे हेही विचारलं नाही. आधी त्याचा हात थांबवला. 'आम्ही सगळे इथेच आहोत' हे वाक्य आईंना ऐकवायचं आहे, आणि ते खरं करून दाखवायचं आहे. तारणाची चर्चा त्यानंतर येते.

आता भावाचा प्रश्न.

मी प्रॉटेस्टंट पाळक आहे. जीव देणं पाप नाही, असं मी म्हणणार नाही. आयुष्य देवाने दिलेलं आहे आणि ते संपवायचा हक्क आपला नाही, हे चर्च शतकानुशतकं शिकवत आलं आहे आणि मी ते मानतो. पण 'हे पाप आहे' आणि 'हे करणारा नरकातच गेला' या दोन वाक्यांमध्ये फार मोठं अंतर आहे. तुमच्या त्या ज्येष्ठांनी ते एका उडीत ओलांडलं, आणि तेही मुलाच्या आईसमोर.

त्यांनी वापरलेली वचनं आधी पाहू. देवाच्या मंदिराचं वचन करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं आहे. तो अध्याय मुळापासून वाचला तर विषय आत्महत्येचा नाहीच. करिंथची मंडळी फुटली होती. कुणी म्हणे मी पौलाचा, कुणी म्हणे मी अपुल्लोसाचा. पौल त्या सगळ्या मंडळीला मिळून 'तुम्ही देवाचं मंदिर आहात' असं म्हणतो, आणि जो मंडळी मोडतो त्याला तो इशारा देतो. शोकात बसलेल्या घराला मंडळीपासून तोडणाऱ्याने ते वचन जरा जपून उचलावं. राहिला यहूदा. 'तो माणूस जन्मलाच नसता तर बरं झालं असतं' असं प्रभू म्हणाला खरं, पण कधी? शेवटच्या भोजनाच्या वेळी, यहूदा जिवंत असताना, आणि विश्वासघाताबद्दल. पुढे तो कसा मेला यावर शास्त्राने निवाडा दिलेला नाही.

खरं तर ज्यांनी स्वतःचा जीव घेतला अशा माणसांच्या हकिकती शास्त्रात पुष्कळ आहेत, आणि 'तो मेला, तो नरकात गेला' असं एकाच्याही पुढे लिहिलेलं नाही. दावीद राजाचा सल्लागार अहिथोफेल गेला, त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरलं. शौल राजाने रणांगणात स्वतःचा जीव घेतला, तेव्हा याबेश-गिलादचे लोक रात्रभर चालत जाऊन त्याचं प्रेत घेऊन आले, त्याच्या अस्थी पुरल्या आणि सात दिवस उपास केला. ज्या दाविदाचा शौलाने जन्मभर पाठलाग केला, त्या दाविदाने त्याच्यासाठी विलापगीत रचलं. शमशोनाने शत्रूंबरोबर स्वतःचाही अंत ओढवून घेतला, आणि इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांच्या यादीत त्याचं नाव आहे. त्याचं प्रकरण वेगळं, युद्धातलं, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. पण शास्त्र जिथे गप्प राहिलं तिथे आपण मोठ्याने बोलू नये, एवढं तरी त्यातून निघतं.

मग हा कठोरपणा आला कुठून? याचं उत्तर मला स्वतःला हलवून गेलं होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. इसवी सन ४१० मध्ये व्हिजिगॉथ टोळ्यांनी रोम लुटलं. अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले. अब्रू जाण्याआधी किंवा गेल्यावर काहींनी जीव दिला, आणि ज्या जगल्या त्यांना लोक टोचू लागले की तुम्ही का नाही मेलात? त्या जिवंत राहिलेल्या स्त्रियांच्या बाजूने उत्तर आफ्रिकेतला बिशप संत ऑगस्टीन उभा राहिला. दुसऱ्याच्या पापाने तुम्ही अपवित्र झालेल्या नाहीत, तुम्हाला मरायची गरज नाही, 'खून करू नकोस' ही आज्ञा तुमच्या स्वतःच्या जिवालाही लागू आहे, असं त्याने 'देवाचं नगर' या पुस्तकात लिहिलं. म्हणजे ही शिकवण जन्मली ती जिवंत माणसांना जगवण्यासाठी. आणि ज्या स्त्रिया गेल्या त्यांच्याबद्दल त्याच पुस्तकात तो विचारतो: त्यांना क्षमा मिळू नये असं कोणत्या माणुसकीच्या मनाला वाटेल?

पुढच्या शतकांत तो मायेचा भाग गळून पडला आणि आज्ञेचं शिक्षेत रूपांतर झालं. सहाव्या शतकात पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या धर्मसभेने अशा मृतांना दफनविधी नाकारला. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्विनासने तीन कारणं मांडली: हे स्वतःच्या स्वभावाविरुद्ध आहे, समाजाविरुद्ध आहे आणि जीवनदात्या देवाविरुद्ध आहे. वर, पश्चात्तापाला वेळच उरत नाही म्हणून हे सर्वांत घातक, असंही म्हटलं. इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात तर दफनविधीच्या सुरुवातीलाच सूचना छापली की ज्यांनी स्वतःवर हात टाकला त्यांच्यासाठी हा विधी वापरू नये. तुमच्या आईंच्या लहानपणच्या काळात कॅथलिक चर्चमध्ये १९१७ ची धर्मसंहिता चालू होती, आणि जाणूनबुजून जीव देणाऱ्याला तीत ख्रिस्ती दफन नव्हतं. त्यामुळे त्यांच्या मनात जे बसलं आहे ते त्यांनी कुठून तरी उचललेलं खूळ नाही. त्यांनी ते चर्चकडूनच ऐकलं असणार. म्हणूनच चर्च पुढे काय म्हणालं, हेही त्यांना चर्चच्याच तोंडून कळलं पाहिजे.

१९८३ च्या नव्या धर्मसंहितेत ज्यांना दफनविधी नाकारायचा त्यांच्या यादीतून आत्महत्या गेली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात २२८० ते २२८३ या परिच्छेदांत हा विषय आहे. कृत्य गंभीर आहे, हे तिथे स्पष्ट आहे. पण गंभीर मानसिक विकार, यातना किंवा भयंकर भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, हेही तितकंच स्पष्ट आहे. आणि पुढे म्हटलं आहे की अशा माणसांच्या सार्वकालिक तारणाबद्दल आपण निराश होऊ नये. फक्त देवालाच ठाऊक असलेल्या वाटांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. वसईच्या मामांना सांगा, आईंना घेऊन तिथल्या फादरांकडे जा आणि हे परिच्छेद फादरांकडून वाचून घ्या. माझ्यासारख्या पाळकाने सांगण्यापेक्षा ते त्यांच्या माहेरच्या चर्चमधून आलेलं बरं. कॅथलिक शिकवणीत प्राणघातक पाप ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी आणि पूर्ण संमती हवी. नैराश्य नेमकी शेवटची दोन हिरावून घेतं.

आमच्या बाजूला, प्रॉटेस्टंट परंपरेत, तिचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याचं १५३२ मधलं एक बोलणं नोंदलेलं आहे. जीव देणारे निश्चितच नरकात जातात हे मत मला मान्य नाही, असं तो म्हणाला. ती माणसं स्वखुशीने मरत नाहीत, सैतान त्यांच्यावर मात करतो, एखाद्याला रानात दरोडेखोराने गाठून मारावं तसं ते आहे. पण हे सामान्य लोकांना सांगू नये, सैतानाला आयतं निमित्त मिळेल, असंही तो पुढे म्हणाला. त्याची ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. नरकाच्या भीतीनेच आपण थांबलो, असं सांगणारी माणसं मला भेटली आहेत, आणि ज्याने त्यांना धरून ठेवलं त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. पण त्याच भीतीने माणूस तोंड उघडत नाही, हेही मी पाहिलं आहे. मंडळीत कळलं तर मला अविश्वासी म्हणतील म्हणून तो गप्प राहतो, हसून उपासनेला येतो, आणि एके दिवशी घरच्यांना कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून मला वाटतं, हे उघडपणे सांगितलंच पाहिजे: जीव देणं हा मार्ग नाही, आणि त्या गर्तेत सापडलेला माणूस देवाला नकोसा झालेला नाही. मंडळीने ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणायला शिकावं.

'पण पश्चात्ताप करायला वेळ कुठे मिळाला?' हा तुमच्या ज्येष्ठांचा पुढचा प्रश्न असेल. कबूल न केलेलं पाप बरोबर न घेता कोण मरतो? झोपेत हृदय बंद पडून गेलेला, भावाशी अबोला धरलेला असतानाच रस्त्यावर अपघातात गेलेला, यांना कुठे वेळ मिळाला? तारण शेवटच्या पाच मिनिटांच्या हिशेबावर असतं, तर आपल्यापैकी एकाचीही खात्री देता येणार नाही. आपण जे शिकवतो ते हे, की तारण कृपेने आहे, विश्वासाच्या द्वारे आहे, आणि ते आपल्या हातून झालेलं नाही. ज्या पापाला क्षमा नाही असं प्रभूने सांगितलं ते मत्तय १२ मध्ये आहे. ते पवित्र आत्म्याविरुद्धचं दुर्भाषण आहे. तिथे आत्महत्येचा उल्लेखच नाही. आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काय काय वेगळं करू शकत नाही याची यादी करताना पौल सर्वांत पहिलं नाव घेतो ते मरणाचं. कसलं मरण, अशी अट त्याने घातलेली नाही.

तर तुमचा भाऊ तारला गेला, असं मी शिक्का मारून सांगू शकतो का? नाही. तसा शिक्का मी माझ्या स्वतःच्या आईसाठीही मारू शकत नाही. तो हरवला असंही मी सांगू शकत नाही, आणि तुमच्या मंडळीतलं कुणीही सांगू शकत नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल विचारतो, दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण? तो उभा राहो की पडो, ते त्याच्या धन्याचं काम आहे. आणि तो राखला जाईल, कारण त्याला राखायला प्रभू समर्थ आहे, असंही पौल तिथेच लिहितो. त्या धन्याचं मन मला वधस्तंभावर दिसतं, म्हणून मला आशा आहे. ती मोठी आशा आहे, आणि मी ती भीत भीत सांगत नाही.

गोळ्यांबद्दल एवढंच. ज्याने त्याला गोळ्या सोडायला सांगितल्या त्याने चुकीचं सांगितलं. लूक वैद्य होता आणि पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. आपल्याकडे ज्यांनी सुवार्ता आणली त्यांनीच मिरजेचं वॉनलेस रुग्णालय उभं केलं, नगरमध्ये ईव्हँजेलिन बूथ रुग्णालय चालवलं. इन्सुलिन घेणाऱ्याला आपण अविश्वासी म्हणत नाही, मग मनाच्या आजाराची गोळी घेणाऱ्याला का म्हणावं? तरीही एवढ्या एकाच गोष्टीने तो गेला, असं मनाशी धरू नका. अशा मृत्यूमागे एकच कारण क्वचित असतं, आणि दोषी शोधायला लागलं की शेवटी माणूस स्वतःपाशी येऊन थांबतो. 'तो गप्प झाला होता, मला दिसलं होतं,' असं तुम्हीही रात्री स्वतःला म्हणत असाल. तुम्हाला जे दिसत होतं त्याचा अर्थ तो गेल्यानंतर लागला. आधी तो तसा दिसत नव्हता.

आईंशी बोलताना त्यांच्या 'जिथे तो, तिथे मी' या वाक्याला देवनिंदा म्हणू नका. माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः शापग्रस्त व्हायलाही तयार आहे, असं पौलाने लिहिलं आहे. इस्राएलासाठी मोशे देवाला म्हणाला होता की त्यांना क्षमा करणार नसशील तर माझंही नाव पुसून टाक. इतकं प्रेम करणारी माणसं देवाला परकी वाटत नाहीत. पण तो एकटा असेल ही जी त्यांची भीती आहे, तिला उत्तर आहे. १३९ वं स्तोत्र त्यांच्याबरोबर वाचा: मी अधोलोकात अंथरूण केलं तरी तिथे तू आहेस. आणि प्रेषितांच्या मतांगिकारात, जो दोन्हीकडच्या मंडळ्या म्हणतात, येशू अधोलोकात उतरला असं आपण कबूल करतो. सोबत करायला आईंनी जायची गरज नाही. जिथे कुणी जाऊ शकत नाही, तिथे तो आधीच जाऊन आलेला आहे.

मात्र वचनांचा मारा करू नका. 'पहिले राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला प्रवचन देत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. देव बोलतो ते पुष्कळ नंतर, आणि मग सोबतीला शिष्य अलीशा देतो. आईंना रोज दोन घास कोण भरवणार, रात्री जवळ कोण झोपणार, ते मावश्या-मामींमध्ये वाटून घ्या. प्रभुभोजनाची घाई करू नका. ते न घेण्याची शिक्षा कुणी त्यांच्यावर लादलेली नाही, त्यांनीच स्वतःवर लादली आहे. पाळकसाहेबांना घरी बोलवा. त्यांनी आईंना एवढंच सांगावं की मेज प्रभूचं आहे आणि तुमची जागा तिथे आहे. माहेरी भावाच्या नावाने मिस्सा (कॅथलिक उपासना) सांगायची असेल, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तिकडच्या कबरस्थानात मेणबत्ती लावायची असेल, तर जाऊ द्या. आमच्याकडे मृतांसाठी विनंती करायची रीत नाही, पण आईने मुलाचं नाव देवासमोर घेऊ नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आता स्मरण-उपासना. जरूर मागा, आणि हक्काने मागा. इंग्लंडच्या चर्चने ती १६६२ ची जुनी अडचण २०१७ मध्ये स्वतःच्या नियमांतून काढून टाकली आहे. तुमचे पाळकसाहेब कचरत असतील तर ज्येष्ठांना टाळून थेट त्यांच्याशी बोला. गरज पडली तर बिशपसाहेबांना लिहा. उपासनेत तो कसा गेला याचं वर्णन नको, आणि ते लपवायलाही नको. तो आजारी होता आणि त्या आजारात आपण त्याला गमावलं, एवढं पाळकांनी सरळ सांगावं. जमलेल्यांपैकी कुणी तसंच काही सोसत असेल तर उपासनेनंतर माझ्याशी बोला, असंही त्यांनी म्हणावं, आणि १४४१६ हा क्रमांक उपासनेच्या कागदावर छापावा. भावाच्या मित्रांना बोलवा आणि त्यांना त्याच्याबद्दल बोलू द्या, २७ वर्षांतल्या सगळ्याबद्दल. वाचनाला रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय घ्या, ३१ पासून शेवटपर्यंत. वाचायला तुम्ही स्वतः उभ्या राहा.